बहिणीच्या डोळ्याचं दुसरं ऑपरेशन: दीड लाखाचं मशीन घ्यावं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पुण्यात धायरीला राहणारे, हिंजवडीत नोकरी करणारे ३१ वर्षांचे वाचक लिहितात की गेल्या पावसाळ्यात सिंहगड रस्त्यावर त्यांची मोटारसायकल घसरली. मागे धाकटी बहीण बसली होती, वय २४, शाळेत शिक्षिका. यांच्या डोक्यावर हेल्मेट होतं, तिच्या नव्हतं. यांना खरचटलं. तिचा चेहरा दुभाजकावर आपटला आणि डाव्या गालाचं हाड व डोळा ज्यात बसतो ती हाडाची खोबण मोडली. चौथ्या दिवशी ऑपरेशन होऊन प्लेटा आणि जाळी बसली. सूज पूर्ण उतरल्यावर मात्र डावा डोळा आत गेल्यासारखा दिसू लागला आणि वर बघताना तिला दोन-दोन दिसायला लागलं. आता आठ महिने झाले. एका मोठ्या हॉस्पिटलात सांगितलं की पुन्हा ऑपरेशन करावं लागेल, ते ‘नेव्हिगेशन’वर करू, म्हणजे चुकायचा प्रश्न नाही, त्याचे दीड लाख जादा. पेठेतल्या एका ज्येष्ठ सर्जननी सीटी स्कॅन बघून सांगितलं, ‘मी करीन. ते मशीन असलं तर चांगलंच, नसलं तर अडत नाही.’ आई-वडिलांचा कल ज्येष्ठ सर्जनकडे. वाचक विचारतात, ‘मशीन मिलिमीटरमध्ये काम करतं, माणसाचा हात थरथरतो. गाडी विकून मी पैसे उभे करीन, पण या वेळी चूक नको. तिच्या लग्नाचंही बघायचं आहे. मी बरोबर विचार करतोय ना?’

*

निम्मा बरोबर करताय. कोणता निम्मा, ते सांगते.

तुमच्या बहिणीच्या केसमध्ये या मशीनचा उपयोग होण्याची शक्यता खरंच आहे. पण ज्या कारणासाठी तुम्ही ते मागताय ते कारण चुकीचं आहे, आणि चुकीच्या कारणासाठी बरोबर वस्तू घेतली की माणूस पुढचे प्रश्न विचारायचं विसरतो. पहिला प्रश्न मीच विचारते. ‘चुकायचा प्रश्न नाही’ हे वाक्य तुम्हाला कोणी सांगितलं? सर्जननी, की पॅकेज समजावणाऱ्या काउंटरवरच्या मुलानं? सर्जननी म्हटलं असेल तर मला त्यांची काळजी वाटते. काउंटरवरच्या मुलानं म्हटलं असेल तर तो त्याचं काम करतोय, एवढंच.

मी स्वतः सर्जन नाही. तीस वर्षं भूल दिली, त्यातली बरीचशी नाक, जबडा आणि चेहऱ्याच्या ऑपरेशनांना. इतर ऑपरेशनांत डोक्याकडची बाजू आमची असते. चेहऱ्याच्या ऑपरेशनात सर्जन तीही बळकावतात, मग आमची श्वासाची नळी आणि त्यांची हत्यारं एकाच वीतभर जागेत नांदतात. त्यामुळे नेव्हिगेशनची मशीनं मी हाताच्या अंतरावरून पाहिली आहेत, चालताना आणि रुसतानाही.

आधी ते काय करतं ते समजून घ्या. नेव्हिगेशन काहीही कापत नाही, धरत नाही, बसवत नाही. हात सर्जनचाच. तो थरथरायचा असेल तर मशीन असूनही थरथरेल. ऑपरेशनच्या आधी चेहऱ्याचा बारीक कापांचा सीटी काढतात, साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप. तो कॉम्प्युटरमध्ये भरतात. मग टेबलावर झोपलेल्या माणसाचं डोकं आणि पडद्यावरचं डोकं यांची गाठ घालून देतात. कपाळावर पट्ट्यानं किंवा कवटीला बारीक स्क्रूनं एक खूण बसवतात. सर्जनच्या हातातल्या टोकदार सळईवर चकाकणारे छोटे गोळे असतात. दोन डोळ्यांचा इन्फ्रारेड कॅमेरा ते गोळे बघतो आणि सळईचं टोक सीटीमध्ये नेमकं कुठे आहे ते पडद्यावर दाखवतो. दुसऱ्या प्रकारात कॅमेऱ्याऐवजी डोक्याजवळ चुंबकीय क्षेत्र तयार करतात. त्यात मध्ये कुणी आलं तरी चालतं, पण जवळपासच्या लोखंडी सामानाचा त्रास होतो. कॅमेऱ्याच्या प्रकारात ओटीतलं (ऑपरेशन थिएटरमधलं) सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘सिस्टर, मधून हात काढा!’

याला सगळे डॉक्टर जीपीएसची उपमा देतात. ती अर्धीच खरी आहे. पेठेत ज्यानं कुणाचं घर शोधलंय त्याला उरलेली अर्धी मी समजावू शकते. जुना नकाशा हातात घेऊन तुम्ही उभे आहात. नकाशा कसा फिरवून धरायचा हे ठरवायला दोन-चार ओळखीच्या खुणा लागतात: हा पत्र्या मारुती, तो खुन्या मुरलीधर, तिकडे सोन्या मारुती. त्या नकाशावर सापडल्या की नकाशा जमिनीशी जुळतो. ऑपरेशनात याच कामाला रजिस्ट्रेशन म्हणतात. नाकाचं मूळ, डोळ्याचा बाहेरचा कोपरा, कानासमोरचा उंचवटा अशा खुणा टोचून दाखवतात, किंवा कपाळ-नाकावरून सळई फिरवून चेहऱ्याचा आकार जुळवतात, किंवा वरच्या दातांवर घट्ट बसणारा साचा करून त्यावरच्या खुणा वापरतात. आता गंमत बघा. सगळ्या खुणा एकाच बोळातल्या घेतल्या तर त्या बोळापुरतं सगळं अचूक येईल, पण कात्रज भलत्याच दिशेला जाईल. चेहऱ्याच्या पुढच्या भागावर जुळवलेलं मशीन डोळ्याच्या मागच्या टोकाशी त्याच अचूकतेनं बोलेल, असं नसतं.

शिवाय नकाशा जुना असतो. रस्ता खणलेला असो, एकेरी झालेला असो, कागदावर तो जसाच्या तसा. सीटी ऑपरेशनच्या आधीचा. टेबलावर सर्जननी हाडाचा तुकडा हलवला, चरबी वर उचलली, की पडद्याला त्याची खबर नसते. कवटी घट्ट आहे म्हणून हे तंत्र डोक्यात आणि वरच्या चेहऱ्यात चांगलं चालतं. खालचा जबडा हलतो, तो दर वेळी त्याच जागी पक्का करून घ्यावा लागतो, म्हणून तिथे ते अवघड जातं.

सगळं नीट जमलं तर चूक साधारण एक-दोन मिलिमीटरची राहते. ‘मिलिमीटरमध्ये काम करतं’ हे तुमचं म्हणणं इतपत खरं. डोळ्याच्या खोबणीच्या काठापासून दृष्टीची नस साधारण चार ते साडेचार सेंटिमीटर आत, हाडाच्या बोगद्यात शिरते. तिथे दोन मिलिमीटर ही क्षुल्लक गोष्ट नाही.

एक प्रसंग मी विसरलेले नाही. ऑपरेशन सुरू होऊन तास झाला होता. सर्जननी सहज म्हणून सळई पेशंटच्या पुढच्या दाताच्या टोकावर टेकवली. पडद्यावर तिचं टोक दाताच्या पुढे, हवेत. कपाळावरची खूण कुणाच्या तरी कोपरानं सरकली होती. मशीननं कसलीही कुरकुर केली नव्हती. तितक्याच आत्मविश्वासानं चुकीची जागा दाखवत होतं. सर्जननी सळई खाली ठेवली, पुन्हा जुळवणी केली, पंधरा मिनिटं गेली, कुणी काही बोललं नाही. त्या दिवशी पेशंटला वाचवलं ते दाताला सळई लावून बघायच्या सवयीनं. ती सवय मशीनबरोबर खोक्यातून येत नाही.

हे शास्त्र कालपरवाचं नाही, म्हणून ‘नवीन’ या शब्दावरही फार जाऊ नका. डोक्याला चौकट बांधून आतल्या बिंदूचा पत्ता आकड्यांत काढायची कल्पना हॉर्स्ली आणि क्लार्क यांनी लंडनमध्ये १९०८ साली प्राण्यांवर मांडली. माणसावर ती १९४७ मध्ये स्पीगेल आणि वायसिस यांनी वापरली. पहिल्या पेशंटचा सीटी १ ऑक्टोबर १९७१ ला निघाला आणि आत बघायची सोय झाली. चौकट काढून टाकून मोकळ्या सळईनं दिशा शोधायचे प्रयोग १९८० च्या दशकात अमेरिका, जपान आणि जर्मनीत झाले. जर्मनीत आखेनच्या गटानं ते नाक आणि कवटीच्या तळाच्या ऑपरेशनांसाठी केले. (१९०८ सालीच डोळा दाबला की हृदयाचे ठोके मंदावतात हे आश्नर आणि दान्यिनी या दोघांनी स्वतंत्रपणे लिहून ठेवलं. खोबणीच्या ऑपरेशनात सर्जननी ऊती जोरात ओढल्या की मॉनिटरवर ऐंशीचे चाळीस होतात आणि आम्हाला ‘सर, थांबा’ म्हणावं लागतं. भूलतज्ज्ञाला विषय बदलायला एवढं निमित्त पुरतं. माफ करा.)

आता तुमच्या बहिणीकडे येते.

डोळ्याच्या खोबणीत साधारण तीस मिलिलिटर जागा असते. तिचा तळ आणि नाकाकडची भिंत इतकी पातळ असते की काही ठिकाणी अक्षरशः कागद. तळ मोडला की जागा वाढते, आणि डोळा तेवढा आत बसतो. ढोबळमानानं एक मिलिलिटर जागा वाढली तर जवळपास एक मिलिमीटर. दोन मिलिमीटरच्या पुढे फरक गेला की समोरच्याच्या लक्षात यायला लागतं. सुरुवातीला सुजेमुळे हे झाकलेलं असतं. म्हणून ‘आधी चांगला दिसत होता, मग बिघडला’ असं वाटतं. बिघडला नव्हता, दिसायला लागला.

जाळी बसवूनही असं का होतं? अनेकदा कारण मागच्या टोकाला असतं. खालच्या पापणीच्या आतून छोटी चीर, समोर चरबी सतत उतू जातेय, तिला पट्टीनं वर धरलंय, आणि तीन-साडेतीन सेंटिमीटर खोल जाऊन जाळीचं मागचं टोक हाडाच्या शिल्लक टेकूवर ठेवायचं. तो टेकू डोळ्यांनी नीट दिसतच नाही. टोक तिथे टेकण्याऐवजी खालच्या सायनसच्या पोकळीत झुकलं, तर जागा वाढलेलीच राहते. तुमच्या बहिणीचं असंच झालंय असं मी म्हणत नाही, मी सीटी पाहिलेला नाही. पहिल्या सर्जनना दोषी धरायची घाईही करू नका. चौथ्या दिवशीच्या सुजेत हे काम करणं काय असतं ते मी पाहिलंय.

पण म्हणूनच दुसऱ्या ऑपरेशनात नेव्हिगेशन कामाचं ठरू शकतं. कॉम्प्युटरवर उजवी, धडधाकट खोबण आरशासारखी उलटवून डाव्या बाजूवर ठेवतात. कुणाचाही चेहरा दोन्हीकडे तंतोतंत सारखा नसतो, पण या कामाला ते पुरतं. मग नवी जाळी कुठे असायला हवी याची एक रेघ पडद्यावर तयार होते. ऑपरेशनमध्ये सळई जाळीवर आणि तिच्या मागच्या टोकावर टेकवून बघायचं, रेघेवर आहे की खाली. पहिल्या ऑपरेशनचे व्रण, चिकटलेल्या ऊती, बदललेली हाडं यांत नेहमीच्या खुणा हरवलेल्या असतात, तेव्हा हा पडताळा मोलाचा असतो. तुमच्या बाबतीत मशीन या एका प्रश्नाचं उत्तर देतं: ‘मागचं टोक टेकलं का?’ थरथरत्या हाताचा प्रश्न तुम्ही मनातून काढून टाका.

आता, या एका प्रश्नाचं उत्तर मिळवायचे आणखीही मार्ग आहेत, आणि ते तुम्हाला कोणी सांगितलेले दिसत नाहीत. काही ठिकाणी ओटीतच फिरतं सीटी मशीन असतं. जाळी बसवून, टाके घालण्याआधी, पुन्हा फोटो घ्यायचा. यात नकाशा जुना असण्याचा प्रश्नच उरत नाही, आत्ता काय झालंय ते दिसतं. दुसरा मार्ग म्हणजे सीटीवरून थ्रीडी प्रिंटरनं तिच्या खोबणीचं मॉडेल बनवून घ्यायचं, त्यावर ऑपरेशनच्या आधीच जाळी वाकवून घडवायची आणि निर्जंतुक करून वापरायची. हा बहुतेकदा कमी खर्चाचा मार्ग. तिसरा, तिच्याच मापाची तयार प्लेट बनवून घेणं. ती महाग, पण तिचा आकारच असा असतो की ती एकाच जागी नीट बसते. काही सर्जन यातले दोन एकत्र वापरतात. माझा अंदाज विचाराल तर, आधीची नीट आखणी आणि बसवल्यावरचा कोणत्यातरी प्रकारचा पडताळा, हे दोन्ही जिथे मिळेल तिथे मी माझ्या भाचीला नेलं असतं. पडताळा नेव्हिगेशननंच व्हावा असा माझा हट्ट नसता.

ज्येष्ठ सर्जनांचं ‘असलं तर चांगलंच, नसलं तर अडत नाही’ हे वाक्य तुम्हाला जुनाट वाटलं. मला ते तुमच्या पत्रातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य वाटलं. त्यांना जाऊन विचारा: ‘सर, ते मशीन असलेल्या हॉस्पिटलात तुम्ही ऑपरेशन कराल का?’ पुण्यात एक सर्जन चार ठिकाणी ऑपरेशनं करतो हे तुम्हालाही माहीत आहे. सगळी हॉस्पिटलं बाहेरच्या डॉक्टरांना येऊ देत नाहीत, पण विचारायला काय जातं? ‘हे की ते’ असा पेच तुम्ही मांडलाय, तो कदाचित पेचच नाही. मात्र त्यांनी ते मशीन स्वतः किती वेळा वापरलंय हेही विचारा. ज्याला सवय नाही त्याच्या ओटीत नेव्हिगेशन म्हणजे भुलेची वाढलेली वेळ आणि पडद्याकडे वळलेल्या माना.

दोन्ही सर्जनना काही प्रश्न सारखेच विचारा, म्हणजे उत्तरं शेजारी ठेवून बघता येतील. गेल्या वर्षभरात असं दुसऱ्यांदा करायचं खोबणीचं काम किती वेळा केलंत? या ऑपरेशनात नेव्हिगेशनमुळे तुमचा कोणता निर्णय बदलेल? मध्येच ते बंद पडलं तर पुढे कसं कराल? जाळी बसल्याची खात्री टेबलावर करणार की दुसऱ्या दिवशीच्या सीटीत? आणि माझा आवडता प्रश्न: रात्री दर तासाला तिची नजर कोण तपासणार? ऑपरेशननंतर डोळ्यामागे रक्त साचणं क्वचित होतं, पण झालं तर दृष्टी जाऊ शकते आणि वेळ फार थोडा असतो. असह्य दुखणं, डोळा दगडासारखा कडक होणं, अंधूक दिसणं, यांपैकी काहीही झालं तर सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही. दीड लाखाच्या मशीनपेक्षा रात्रपाळीची जागी सिस्टर इथे जास्त उपयोगाची आहे, हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय.

दोन-दोन दिसण्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, आणि माझ्या दृष्टीनं तो मुख्य मुद्दा आहे. जाळी अगदी रेघेवर बसली तरी दोन-दोन दिसणं जाईलच असं नाही. डोळ्याचा स्नायू व्रणात अडकला असेल, किंवा त्याची ताकद कमी झाली असेल, तर जागा दुरुस्त करून तो सुटेलच याची हमी नसते. म्हणून ऑपरेशनच्या आधी तिरळेपणाच्या तज्ज्ञ नेत्रडॉक्टरांकडून डोळ्यांच्या हालचालींची नीट मोजणी करून घ्या. हेस चार्ट म्हणून एक तपासणी असते, तिचा कागद फाइलमध्ये हवा. साधारण क्रमही लक्षात ठेवा: आधी खोबण, नंतर गरज पडल्यास स्नायू, मग पापणी. म्हणजे हे शेवटचं ऑपरेशन असेलच असं धरून चालू नका. आणि चष्म्यातल्या प्रिझमनं किती भागतं हेही बघून घ्या.

घाई मात्र नाही. लहान मुलांत स्नायू फटीत अडकला तर एक-दोन दिवसांत ऑपरेशन करावं लागतं. मोठ्यांच्या ताज्या मोडीत दोन आठवड्यांच्या आसपास ठरवतात. आठ महिन्यांनंतर आणखी एक महिना विचारात गेला तर काही बिघडत नाही. हॉस्पिटलनं ‘या महिन्यात पॅकेजमध्ये बसवतो’ म्हटलं असेल तर ते सोन्याच्या दुकानातल्या घडणावळीच्या सवलतीसारखं समजा.

पैशांचं. मेडिक्लेमवाले अशा दुसऱ्या ऑपरेशनवर ‘सौंदर्यासाठी’ असा शिक्का मारू बघतात. सौंदर्यासाठीची ऑपरेशनं पॉलिसीत बसत नाहीत, पण अपघातानंतरची पुनर्रचना त्याला अपवाद असते. म्हणून डॉक्टरांच्या पत्रात अपघाताची तारीख, पहिलं ऑपरेशन, डोळा किती मिलिमीटर आत आहे आणि दोन-दोन दिसतं हे सगळं स्पष्ट लिहून घ्या. नेव्हिगेशनचा खर्च आणि खास मापाची प्लेट मंजूर आहे का, हे दाखल होण्याआधी लेखी घ्या. डिस्चार्जच्या दिवशी टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीनं दावे बघणाऱ्यांच्या) खिडकीशी भांडायची पाळी येऊ नये.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठीही चार ओळी, कारण ‘नेव्हिगेशन’ हा शब्द आता बऱ्याच कोटेशनांत दिसतो. सायनसचं पहिलंच, साधं ऑपरेशन असेल तर त्याशिवाय सहसा अडत नाही. पण दुसऱ्यांदा सायनस उघडायचा असेल, नाकात कोंबांची (पॉलिपची) दाटी असेल, कपाळाच्या किंवा अगदी मागच्या सायनसपर्यंत जायचं असेल, आजार डोळ्याला, मेंदूच्या तळाला, दृष्टीच्या नसेला किंवा मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेला असेल, मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळत असेल, किंवा गाठ काढायची असेल, तर विचारायलाच हवं. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसमुळे ज्यांचा वरचा जबडा किंवा सायनस काढावा लागला आणि आता पुन्हा बांधणी करायची आहे, त्यांच्या चेहऱ्यात तर नेहमीच्या खुणाच उरलेल्या नसतात. तिथे आखणी आणि नेव्हिगेशन यांचा खर्च समजण्यासारखा आहे. साध्या, ताज्या, एका रेघेत मोडलेल्या गालाच्या हाडाला मात्र त्याची गरज पडावी असं मला वाटत नाही. मशीनमुळे मोठे अपघात नक्की किती टळतात हे काटेकोर प्रयोगानं सिद्ध करणंही कठीण आहे, कारण असे अपघात मुळातच थोडे. त्यामुळे जगभर हा निर्णय सर्जनच्या तारतम्यावर सोडलेला आहे. म्हणजे फिरून माणूस निवडण्यावरच आलं.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, त्याबद्दल. तुमच्या सव्वादोन पानांच्या पत्रात आई काय म्हणते ते आहे, बाबा काय म्हणतात ते आहे, दोन डॉक्टर, एक काउंटर, होणारी सासरची मंडळी, सगळे आहेत. तुमची बहीण काय म्हणते ते एका ओळीतही नाही. ती शिक्षिका आहे. फळ्याच्या वरच्या ओळीकडे बघताना तिला दोन ओळी दिसतात का? त्याचा तिला रोजचा त्रास किती? डोळा आत दिसतो हे तिला खुपतंय, की घरातल्यांना? कदाचित तिला ऑपरेशन हवंच असेल, तुमच्याइतकंच. कदाचित मे महिन्याची सुट्टी लागेपर्यंत थांबायचं असेल. कदाचित पहिल्या ऑपरेशनची तिला अजून धास्ती असेल आणि दादाच्या चेहऱ्याकडे बघून ती बोलत नसेल.

कारण दादाचा चेहरा तिला दिसतोच. हेल्मेट माझ्या डोक्यावर होतं, तिच्या नव्हतं, हे वाक्य तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवं, आणि या शहरात हेल्मेटच्या विरोधात आजवर किती मोर्चे निघाले ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तुमच्या हातून चूक झाली. ती एकदा तिला तोंडानं सांगा, रडायला आलं तर रडा. पण दीड लाख ही त्या चुकीची किंमत नाही आणि गाडी विकणं ही तिची पावती नाही. तुम्ही महागातलं महाग मागताय, कारण स्वस्त पर्याय निवडला आणि काही कमी-जास्त झालं तर स्वतःला माफ करणार नाही, अशी भीती आहे. ती मला समजते. पण ती तुमची भीती आहे, आणि टेबलावर झोपायचं आहे तिला. गाडी विकायची तर अवश्य विका. त्या पैशांतला काही भाग दुसऱ्या मतासाठी, चांगल्या सीटीसाठी आणि तिच्या बिनपगारी रजेसाठी ठेवा.

लग्नाचं म्हणाल, तर डॉक्टरांसमोर तो विषय काढू नका. काढलात की संभाषण मिलिमीटरवरून फोटोवर घसरतं, आणि तिला दोन-दोन दिसतं ही तक्रार मागे पडते.

या आठवड्यात एवढं करा. पहिल्या हॉस्पिटलातून ऑपरेशनची टिपणं आणि आधीच्या व नंतरच्या सीटीच्या सीड्या मागून आणा. नुसती फिल्म आणि रिपोर्ट यांवर आखणी होत नाही. अपघाताआधीचे तिचे समोरून काढलेले चार फोटो काढून ठेवा, सर्जन मागतील. मग ज्येष्ठ सर्जनांची पुन्हा वेळ घ्या. त्यांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या असतील. जवळच्या खुर्चीवर तिला बसू द्या, पहिला प्रश्न तिला विचारू द्या, आणि तिनं आधी घरी लिहून काढलेला कागद तिच्याच हातात राहू द्या.